जुन्या पद्धतीचे विद्यापीठ वसतिगृह की बाहेरची खोली? मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने सल्ला हवा आहे

प्रश्न: देवगड तालुक्यातील पालक

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा रत्नागिरी जिल्ह्यात कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि घरापासूनचे अंतर इतके आहे की शनिवार-रविवारी ये-जा करणे शक्य नाही. कणकवलीहून रेल्वे आणि पुढे एसटी, म्हणजे एका बाजूच्या प्रवासातच दिवस मोडतो. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एकट्या त्या संस्थेविषयी नाही.

गेल्या आठवड्यात कागदपत्रे जमा करायला गेलो, तेव्हा मुलींचे वसतिगृह पाहून आलो. इमारत जुनी, चिऱ्याची. लांबलचक व्हरांडा आणि त्याच्या एका अंगाला ओळीने खोल्या. एका खोलीत तिघी, तीन लोखंडी कॉट, तीन टेबले आणि भिंतीतले एकच कपाट, ज्यातला एकेक कप्पा एकेकीचा. न्हाणीघरे आणि शौचालये व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांसाठी मिळून. जेवण मेसमध्ये. पाऊस लागलेला होता आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधून ओले कपडे वाळत घातलेले होते. त्यांच्याखालून वाकूनच पुढे जावे लागत होते. मुलगी तिथे काहीच बोलली नाही. परतीच्या गाडीत मात्र तिने एवढेच विचारले, "आई, खोलीचे दार आतून लावून एकटीला बसता येईल का गं?"

ती एकुलती एक आहे, अबोल आहे आणि पहाटे चारला उठून अभ्यास करण्याची तिची सवय आहे. तिच्या मामांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या घराच्या माडीवरची स्वतंत्र खोली देऊ केली आहे. तिथे न्हाणीघर जोडून आहे आणि जेवणाचा डबा मिळेल. भाडे ओढाताण करून का होईना, पण देता येईल. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की वसतिगृहातच राहू दे, चार माणसांत राहायला शिकेल. मला ते पटते, पण नुसत्या "शिकेल" या शब्दावर मुलीची चार वर्षे सोपवायला मन धजत नाही. रॅगिंगची भीती कितपत खरी आहे आणि पावसाळ्यातल्या आजारपणाचे काय होते, हेही कळायला हवे. अनामत रक्कम आठ दिवसांत भरायची आहे. ज्यांनी अशा ठिकाणी राहून पाहिले आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

उत्तर १: निवृत्त रेक्टर, रत्नागिरी

ताई, मी अध्यापन सांभाळून अकरा वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. प्रवेशाच्या दिवसांत येणारे पालक तुमच्यासारखेच खोली पाहत, भिंतीवरची ओल पाहत, कॉट हलवून पाहत आणि परत जात. माझ्या अनुभवाने सांगतो, खोली ही वसतिगृहातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. पहाटेचे पाणी, मेसचा हिशोब आणि रात्रीचे दार या तिन्हींची व्यवस्था कोण आणि कशी पाहतो, यावर तिथले राहणे सुखाचे की त्रासाचे हे ठरते. अनामत भरण्याआधी एक दिवस काढून पुन्हा जा आणि सकाळी साडेसहाला, जेवणाच्या वेळी आणि रात्री नऊनंतर असे तीनदा डोकावून या.

पाण्याचे आधी सांगतो, कारण कोकणात त्याविषयी फसगत होते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून पाण्याची ददात नसेल असे बाहेरच्यांना वाटते. तुम्ही देवगडच्या असल्याने तुम्हाला हे सांगायला नको, की तो पाऊस चार महिन्यांत कोसळतो, सच्छिद्र जांभ्यातून झिरपतो, तीव्र उतारांवरून वाहतो आणि बघता बघता समुद्राला मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत याच गावांत विहिरी तळाला जातात, आणि कित्येकदा तेच दिवस परीक्षांचे असतात. म्हणून आज जुलैमध्ये नळाला धो धो पाणी आहे यावर जाऊ नका. मे महिन्यात दिवसातून किती वेळ पाणी येते, हे तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलींना विचारा, कार्यालयात नको.

मेस ठेकेदाराकडे आहे की मुलींच्या समितीकडे, हे विचारा. समितीची मेस असेल तर महिन्याचा एकूण खर्च सर्वांच्या जेवणाच्या दिवसांनी भागून दर काढतात, आणि ज्या दिवशी मूल जेवले नाही त्याचे खाडे वजा होतात. हा हिशोब दर महिन्याला फलकावर लागत असेल, तर ते वसतिगृह जागते आहे असे समजा. माझ्याकडे एका वर्षी मेस सेक्रेटरी झालेला एक मुलगा होता. तांदळाचे पोते उघडल्यावर तो मूठभर दाणे तळहातावर घेऊन खिडकीपाशी उजेडात न्यायचा आणि कणी, खडे, टोके पाहून मगच पावतीवर सही करायचा. आज तो एका तालुक्याच्या ठिकाणी कृषी अधिकारी आहे. ती नजर त्याला कोणत्याही तासाला बसून आली नसती.

रॅगिंगविषयी तुमची भीती रास्त आहे, आणि "आमच्याकडे तसले काही होत नाही" या उत्तरावर कोणत्याही पालकाने थांबू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतले जाते. शक्य तिथे नवीन विद्यार्थ्यांना वेगळ्या भागात ठेवावे, आणि ते शक्य नसेल तर वरिष्ठांच्या तिथल्या वावरावर वॉर्डनने व पहारेकऱ्यांनी कडक लक्ष ठेवावे, असेही त्या नियमांत आहे. चोवीस तास चालणारी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे. तो मुलीच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. पहिल्या वर्षाच्या मुलींना कोणत्या भागात ठेवता आणि रात्री तिथे कोण असते, हे रेक्टरना सरळ विचारा. जी व्यक्ती या प्रश्नाने नाराज होईल, तिच्या भरवशावर मुलीला ठेवू नका.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. खोली तिघींची आहे, तेव्हा आतून कडी लावून एकटीने बसणे रोज जमणार नाही. हे तिला गोड बोलून पटवू नका, स्पष्ट सांगा. जे मूल ही गोष्ट जाणून येते, ते पहिल्या महिन्यात सावरते. ज्याला घरच्यांनी "तिथे सगळे घरच्यासारखेच असते" असे सांगून पाठवलेले असते, ते रडते.

आणि एक गोष्ट, थोडी बाजूची आहे पण मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडची वसतिगृहे नुसती राहण्याची सोय म्हणून उभी राहिलेली नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगे उभी केली, ती खेड्यातल्या मुलाला शहरात टेकायला जागा नव्हती म्हणून. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एका स्वयंपाकघरातले अन्न एका पंगतीत जेवू लागली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मेसच्या लांब बाकावर शेजारी कोण बसावे हे आपण ठरवत नाही, यामागे एवढी मोठी परंपरा आहे. तुमच्या यजमानांच्या मनात "माणसांत राहायला शिकेल" म्हणताना कदाचित हेच असेल.

उत्तर २: तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

काकू, मी मूळची मालवण तालुक्यातली. गेली दोन वर्षे अशाच वसतिगृहात तिघींच्या खोलीत राहते आहे, म्हणून मला तुमच्या मुलीला उद्देशून लिहावेसे वाटते.

ज्या दोऱ्यांखालून तुम्ही वाकून गेलात, त्यांच्यापासूनच सुरुवात करते. आषाढात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी कुबट वास जात नाही. मी पहिल्या महिन्यात जीन्स धुवायची आणि चौथ्या दिवशी ओलीच अंगात घालायची. त्यातून मांड्यांना खाज सुटली आणि डॉक्टरांकडे जावे लागले. आता पावसाळ्यात जीन्स घरीच ठेवते. पातळ सुती कुर्ते, लवकर वाळणाऱ्या सलवारी आणि दोन पंचे आणते. जाड टॉवेलपेक्षा पंचा बरा, कारण तो पिळून पंख्याखाली टाकला की रात्रीत वाळतो. गादी कापसाची असेल तर ती ओल धरते. एखाद दिवस उघडीप मिळाली की आम्ही सगळ्या जणी गाद्या उचलून व्हरांड्याच्या कठड्यावर टाकतो, आणि झड आली की जिच्या हाताला जी गादी लागेल ती उचलून आत पळतो. दहावी-बारावीची प्रमाणपत्रे मूळ स्वरूपात जवळ ठेवू नयेत. माझ्या रूम पार्टनरच्या गुणपत्रिकेवर पेटीत असतानाच बुरशीचे ठिपके उमटले.

रात्री व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना बॅटरी हवीच. आपल्याकडे जांभ्याच्या दगडांत फुरसे नावाचे जनावर, म्हणजे साप, असते. ते हातभर लांबीचे असते, मातीच्या रंगाचे असल्याने दिसत नाही, आणि ते विषारी आहे. बूट झटकून घालणे आणि अंधारात अनवाणी न फिरणे या दोन सवयी घरून घेऊनच या.

पहाटेच्या अभ्यासाविषयी. माझीही सवय तशीच आहे आणि पहिल्या आठवड्यात त्यावरूनच आमच्या खोलीत वाद झाला. माझी एक रूम पार्टनर यवतमाळची, दुसरी वाशिमची. यवतमाळची मुलगी रात्री एकपर्यंत वाचायची आणि मी चारला दिवा लावायचे. मधल्या मध्ये वाशिमच्या मुलीची झोप दोन्हीकडून मोडायची. ती आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी तिने उशी उचलली आणि शेजारच्या खोलीत जाऊन जमिनीवर झोपली. आम्हा दोघींना फार वाईट वाटले. त्या दिवशी आम्ही बसून ठरवले की रात्री अकरानंतर आणि सकाळी सहाच्या आधी मोठा दिवा लावायचा नाही. मी टेबलावरचा छोटा दिवा घेतला, त्याला पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत जाऊ लागले. अभ्यासिकेत पहाटे इतकी शांतता असते की घरीसुद्धा तेवढी मिळाली नव्हती. तुमच्या मुलीला दार लावून बसायचे आहे. दाराऐवजी तिला अभ्यासिकेतला भिंतीकडचा कोपरा मिळेल. मला तो पुरला.

जेवणावरून आमच्याकडे दर वर्षी थोडी कुरबुर होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलींना दोन्ही वेळचा भात सोसत नाही, त्यांना ज्वारीची भाकरी आणि झणझणीत भाजी हवी असते. आम्हा कोकणातल्या मुलींना सकाळी पेज नसली की चुकल्यासारखे होते आणि मासळी आठवड्यातून एकदाच मिळते. आमच्या मेस समितीने आठवड्यातले दोन दिवस ज्वारीच्या भाकरीचे केले आणि एका दिवशी सोलकढी ठेवली. त्या बैठकीत मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. शाळेत मी कधी हात वर केला नव्हता.

आजारपणाचे सांगते. गेल्या वर्षी भातलावणीचे प्रात्यक्षिक झाल्यावर चार दिवसांनी मला ताप भरला. संध्याकाळी गोळी घेऊन झोपले. रात्री दोनच्या सुमारास मी काहीतरी बरळते आहे हे वाशिमच्या त्याच मुलीने ऐकले, कपाळाला हात लावला आणि पावसात धावत जाऊन रेक्टर मॅडमना उठवले. अर्ध्या तासात मी दवाखान्यात होते. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, निघाला. उंदीर-घुशींच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा चिखलातून, पायावरच्या बारीक जखमेवाटे हा आजार शिरतो, आणि लवकर औषध मिळाले तर बरा होतो, हे मला तिथे कळले. काकू, मी माडीवरच्या खोलीत एकटी असते, तर सकाळी डबा परत गेला की मगच कोणाला तरी शंका आली असती. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरायचे नाही आणि पावसाळ्यात ताप अंगावर काढायचा नाही, हे मुलीला नक्की सांगा.

गणपतीत वसतिगृह रिकामे होते. कोकणातल्या सगळ्या घरी जातात, मेस बंद असते आणि लांबच्या मुलींचे हाल होतात. दोन वर्षे माझ्या दोन्ही रूम पार्टनर आमच्या घरी येतात. वाशिमच्या मुलीला आता मोदकाची उकड काढता येते. माझ्या आईपेक्षा तिच्या पाऱ्या जास्त बारीक पडतात, असे आईच म्हणते.

उत्तर ३: माजी विद्यार्थी, चिपळूण

वरची दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत आणि त्यातले काही खोटे नाही. तरीही दुसरी बाजू लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मी पहिले वर्ष वसतिगृहात काढून दुसऱ्या वर्षी बाहेर पडलो आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही.

माझ्या कॉटच्या बरोबर वर कौल फुटलेले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गळती सुरू झाली. मी कॉट सरकवली, पण चौघांच्या खोलीत सरकवून सरकवणार किती? पायाशी बादली ठेवून झोपायचो आणि रात्रीतून दोनदा उठून ती रिकामी करायचो. तोंडी सांगितले, मग दोन अर्ज दिले. उत्तर आले नाही. ऑगस्टमध्ये मला दम्याचा त्रास पुन्हा सुरू झाला, जो सातवीनंतर थांबला होता. संस्थेचे नाव इथे घेण्यात अर्थ नाही, ती माणसे आता तिथे नाहीत. मला सांगायचे आहे ते हे, की गैरसोय आणि हेळसांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वसतिगृहाच्या कौतुकात त्यांची सरमिसळ होते. नळापाशी रांग लावणे, आवडत नसलेली भाजी खाणे, दुसऱ्याच्या घोरण्यात झोपणे ही गैरसोय आहे आणि ती सोसल्याने माणूस बिघडत नाही. गळके छप्पर, उघडी वीजजोडणी, कडी नसलेले न्हाणीघर, तुंबलेले शौचालय ही हेळसांड आहे. ती सोसायला शिकणे म्हणजे जगायला शिकणे नव्हे, आणि कोणत्याही मुलाला, विशेषतः मुलीला, ते शिकवू नये.

दुसऱ्या वर्षी मी एका वृद्ध दांपत्याच्या घरी राहिलो. आजी नारळाच्या सोडणांवर बंब पेटवत आणि मला दोन बादल्या कढत पाणी मिळे. वसतिगृहाच्या गच्चीवर सौर बंब होता, पण ज्या चार महिन्यांत गरम पाण्याची खरी गरज त्याच महिन्यांत ढगांमुळे तो थंड असे. माझा दमा दिवाळीपर्यंत आटोक्यात आला आणि मी नीट अभ्यास करू शकलो.

अर्थात त्यालाही किंमत होती. भाड्याबरोबर वीजबिल आणि डब्याचे पैसे वेगळे, आणि सुरुवातीलाच तीन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून द्यावे लागले. ते घर गावाच्या टोकाला होते. प्रात्यक्षिक सकाळी सातला असे आणि मुसळधार पावसात अर्धा तास चालून जावे लागे. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात जी देवाणघेवाण होते, जुन्या प्रश्नपत्रिका फिरतात, एक जण चौघांना कीटकांची नावे पाठ करून घेतो, त्याला मी मुकलो. हे नुकसान खरे होते आणि मी ते लपवत नाही.

ताई, मुलीला दमा, त्वचेचा विकार किंवा फिट्स असे काही असेल, तर बाहेरच्या खोलीचा विचार जरूर करा. तसे काही नसेल तर वसतिगृह घ्या, पण पहिल्याच आठवड्यात छप्पर, कडी, दिवा, नळ यांत जे नादुरुस्त असेल त्याचा लेखी अर्ज करायला तिला शिकवा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. माझ्या दोन्ही अर्जांची पोच माझ्याकडे नव्हती. वरच्या साहेबांनी "अर्ज कुठे आहे?" असे विचारले, तेव्हा माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हते.

उत्तर ४: निवृत्त रेक्टर, रत्नागिरी

चिपळूणच्या मित्राने गैरसोय आणि हेळसांड यांत जो फरक केला आहे, तो मी माझ्या पहिल्या उत्तरात करायला हवा होता. माझ्या कारकिर्दीतही पावसाळ्याआधी कौले चाळून घेण्याचे काम निविदेत अडकल्याने जून उजाडला, असे दोनदा घडले. मुलांनी सोसले, मी त्यांना समजूतदार म्हणून वाखाणले, आणि ते वाखाणणे चुकीचे होते. म्हणून ताई, माझ्या यादीत भर घाला. कौलांची शाकारणी कोणत्या महिन्यात झाली, हे विचारा. मे महिना असे उत्तर आले तर उत्तम.

पैशांची ओढाताण होईल असे आपण लिहिले आहे, म्हणून आणखी एक सांगतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी शासनाची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपण तिच्या निकषांत बसत असाल, तर महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येईल. अर्जाची मुदत प्रवेशाच्या धावपळीत निसटते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते आत्ताच तयार ठेवा.

प्रश्नकर्त्या पालकांचे उत्तर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही काल पुन्हा गेलो आणि यावेळी एक रात्र तिथेच एका नातेवाइकांकडे मुक्काम केला. सकाळी साडेसहाला न्हाणीघरापाशी नऊ मुली रांगेत होत्या, पण पाण्याला जोर होता आणि सगळ्या न्हाणीघरांना आतून कड्या होत्या. त्या मी स्वतः लावून पाहिल्या. मे महिन्यात पाणी दिवसातून दोनदा तासभर येते, असे तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने सांगितले. मेसचा जूनचा हिशोब फलकावर होता, त्यात खाडेही दाखवले होते. रात्री साडेनऊला फाटकापाशी गेलो तेव्हा पहारेकऱ्याने नाव विचारून वहीत लिहिले आणि रेक्टर मॅडम स्वतः खाली आल्या. त्या आवारातच राहतात. रॅगिंगविषयी विचारल्यावर त्या नाराज झाल्या नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुली वरच्या मजल्यावर असतात आणि जिन्यापाशी रात्री एक बाई झोपतात, ती जागा त्यांनी दाखवली. कौलांचे विचारले तेव्हा मात्र त्या क्षणभर थांबल्या आणि पश्चिमेकडच्या दोन खोल्या अजून गळतात, त्या यंदा कोणालाही दिलेल्या नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांनी लपवले नाही, याचे मला बरे वाटले.

मुलीला मी खोलीबद्दल खरे ते सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विद्यार्थिनीचे उत्तर माझ्या फोनवर दोनदा वाचले आणि विचारले की अभ्यासिका पहाटे किती वाजता उघडते. आम्ही पहिल्या वर्षापुरते वसतिगृह घेतले आहे; मामांच्या ओळखीच्या कुटुंबाला तसे कळवले आणि गरज पडली तर पुढच्या वर्षी विचारू असे सांगितले. अनामत उद्या भरते आहे.

एकच विचारायचे राहिले. सामानात कपाटाला लावायचे कुलूप, बादली, मग, पंचे, बॅटरी आणि गमबूट घेतले आहेत. आणखी काय द्यावे?

उत्तर ५: तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

काकू, पाण्यात टाकायचा तापवण्याचा रॉड देऊ नका. तो सगळीकडे जप्त होतो आणि ओल्या फरशीवर तो खरोखरच धोक्याचा आहे. पाणी पिण्यासाठी स्टीलची झाकणाची कळशी द्या, प्लॅस्टिकच्या बाटलीला पावसाळ्यात आतून शेवाळ धरते. नायलॉनची दोरी दहा-बारा हात आणि दोन डझन चिमटे द्या. चिमट्यांवर नेलपेंटची खूण करायला सांगा, नाहीतर महिन्याभरात त्यातले चार उरतात.

घरचे काही खायला देणार असाल तर ते तिघींना पुरेल एवढे द्या. आणि अभ्यासिका आमच्याकडे पहाटे साडेचारला उघडते. तिथे वेगळी वेळ असेल, तर पहारेकरी काकांना आदल्या रात्री सांगून ठेवावे. आमच्याकडचे काका सांगितले की चारलाच कुलूप काढतात आणि दिवा लावून ठेवतात.